माडीवर कोणी नाही

१

त्र्यंबकराव बेडेकरांना कुलूप लावायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माझा कुकर होतो, असं अनसूयाबाई चारचौघांत सांगत, आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती. त्र्यंबकराव कुलूप लावत, ओढून बघत, चार पायऱ्या उतरत, परत चढत आणि पुन्हा ओढत. मग रस्त्यावर जाऊन माडीकडे मान वर करून उभे राहत. गॅस बंद केला का? केला असावा. पण ‘असावा’ म्हणजे ज्ञान नव्हे, हे त्यांनीच तीस-पस्तीस वर्षं कॉलेजातल्या मुलांना शिकवलं होतं.

त्यांची डॉक्टरेट न्यायशास्त्रातल्या अभावावर होती. जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला नेमकं कसं कळतं? डोळ्यांना जमीन दिसते. ‘नाही’ हे कुठे दिसतं? या प्रश्नावर त्यांनी उमेदीची वर्षं घातली होती. पेणच्या कासार आळीत हे कुणाला सांगायची सोय नव्हती. खालच्या गाळ्यात सुकी मासळी विकणाऱ्या पुतळीनं एकदा खोदून खोदून विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं. तिनं हातातला बोंबील खाली ठेवला. मग म्हणाली, “म्हंजे नसलेल्या मडक्याचा पगार मिलायचा तुमाला?”

तेव्हापासून ती त्यांना जरा जास्तच मान देऊ लागली.

कासार आळीतल्या त्या इमारतीला सगळे हैबतरावांची माडी म्हणत. हैबतराव मालक. खाली पुतळीचा गाळा, त्याला लागून प्रविणचा गणपती रंगवायचा गाळा, आणि वर लाकडी जिन्यानं गेलं की बेडेकर नवराबायको. रस्ता रुंद व्हायचा ठरला आणि ही माडी नेमकी रस्त्यात आली. मालकाला भरपाई मिळणार होती. भाडेकरूंनाही मिळणार होती, घराची वेगळी, धंद्याची वेगळी. पण एका अटीवर. जागा पूर्ण रिकामी पाहिजे, आणि तसा पंचनामा झाला पाहिजे. आत कोणी राहताना आढळलं तर त्या भाडेकरूचा हिस्सा अडकला, आणि अडकला म्हणजे मालकाकडेच राहिला. हैबतरावांनी ही अट कुठल्याशा देवळात नवस बोलून मागून घेतली असावी, असं प्रविणचं मत होतं.

पंचनाम्याची तारीख पुढे पुढे जात राहिली. तोवर भाडेकरूंची सोय रोह्याला, एका बंद पडलेल्या कंपनीच्या कामगार वसाहतीत झाली. पुतळी गेली, प्रविण गेला. अनसूयाबाई रिक्षातून उतरल्या, खोली बघितली, वसाहतीच्या टोकाचा सार्वजनिक संडास बघितला, आपल्या गुडघ्यांकडे बघितलं आणि त्याच रिक्षात परत बसल्या. लेकीकडे, उर्वीकडे, नागोठण्याला निघून गेल्या. जाताना म्हणाल्या, “स्वतःचं दार आणि दाराच्या आत कमोड. दोन्ही झालं की न्यायला या. तोवर फोन करू नका. फोनवर मला तुमच्याशी नीट भांडता येत नाही.”

पेणला स्टेशनच्या बाजूला एका नव्या इमारतीत त्र्यंबकरावांनी तळमजल्यावरची जागा हेरून ठेवली होती. कमोड पांढरा होता, त्यांनी झाकण उघडून, मिटून, पुन्हा उघडून बघितला होता. बिल्डर पाडव्यापर्यंत थांबायला तयार होता. भरपाई आली तर जागा, जागा आली तर अनसूयाबाई. सारा संसार असा एका पंचनाम्यावर येऊन टेकला होता.

२

रोह्याला राहूनही त्र्यंबकरावांच्या डोक्यातलं पेणचं कुलूप काही सुटेना. दर दोन-चार दिवसांनी ते सकाळची गाडी पकडून पेणला येत, जिना चढून कुलूप ओढून बघत आणि दुपारी परत जात. गाडी नागोठण्याला थांबे. त्र्यंबकराव खिडकीतून फलाटाकडे बघत. उतरावंसं वाटे. पण दार नाही, कमोड नाही, कुठल्या तोंडानं उतरणार? गाडी सुटली की ते उगाच घड्याळ बघत.

असंच एकदा ते माडीखाली आले तर गुणाजी भेटला. गुणाजी म्हणजे गडबहून दूध घालायला येणारा माणूस, बेडेकरांचा फार जुना दूधवाला. मोटरसायकल थांबवून त्यानं दुधाच्या कॅनला हात लावला आणि जरा घुश्शातच म्हणाला, “सर, बाईंना जरा समजवा.”

“कुठल्या बाईंना?”

“आमच्या बाईंना. तुमच्या. मी रोज पिशवी दारात ठेवतो, कदी खाडा नाय केला. आनि काल आतून काय बोलल्या, म्हायत हाय? गुणाजी, म्हैस तळ्यात पोहून आल्या आल्या पिळलीस का रे?”

त्र्यंबकराव हसले. हसू आलं ते त्या वाक्याला. अशी तक्रार करणारी बाई साऱ्या रायगड जिल्ह्यात एकच होती. मग ते हसायचे थांबले.

“गुणाजी, आम्ही इथे राहत नाही. होळीच्या आधीच गेलो.”

गुणाजीनं त्यांच्याकडे, मग माडीकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे बघितलं. म्हाताऱ्या माणसाशी वाद घालायचा नाही, अशी समजूत चेहऱ्यावर आणून तो म्हणाला, “व्हय. पन दूध बंद करायचं तर बाईंनी सांगायला पायजे ना.” आणि गाडीला लाथ मारून निघून गेला.

त्र्यंबकराव जिना चढले. कुलूप होतं. ओढलं, पक्कं होतं. दाराशी दुधाची पिशवी नव्हती. त्यांनी उभ्या उभ्या विचार केला. गुणाजी पिशवी ठेवतो. पिशवी नाहीशी होते. म्हणजे कोणीतरी नेतं. मांजर. मांजर हे उत्तर सर्व बाजूंनी समाधानकारक होतं. मांजर पिशवी नेऊ शकतं, कुलपाला हात न लावता नेऊ शकतं.

पण मांजर म्हशीबद्दल बोलत नाही.

ते रस्त्यावर येऊन मान वर करून उभे राहिले. माडीच्या गॅलरीत दोरीवर एक पंचा वाळत होता. तो आपणच विसरलो असणार, असं त्यांनी ठरवलं. महिन्याभराचा वाळलेला पंचा. त्याच्या टोकातून पाणी ठिबकत होतं, ते त्यांना दिसलं नाही असंही त्यांनी ठरवलं. इतकी वर्षं ‘नसणं’ शिकवलेल्या माणसाला एवढं जमायला हरकत नव्हती.

३

रोह्याच्या वसाहतीत संध्याकाळी ओट्यावर बैठक भरली. पंचनाम्याची तारीख आली होती. भाडेकरूंचा वकील हर्षद मुद्दाम पेणहून आला होता. वय कोवळं, आवाज मात्र थेट जिल्हा न्यायालयातला.

हर्षदनं आठवण करून दिली की जागा सोडताना त्यानंच एकेकाला आपली काही वस्तू आत ठेवायला सांगितलं होतं. रिकामा गाळा दिसला की मालक दुसऱ्याचा माल भरतो, आणि तो दुसराच भाडेकरू म्हणून उभा राहतो. असे खटले त्यानं बघितले होते. आता पंचनाम्याच्या वेळी ते सामान मोजून बाहेर काढायचं. कोणी काय ठेवलंय?

पुतळीनं तराजू ठेवला होता. नवा काटा तिला पटत नसे, पण इकडे नवाच आणावा लागला होता. प्रविणनं एक गणपती ठेवला होता, डोळ्यांची आखणी न केलेला. डोळे नाहीत तोवर ती मातीच, मागे राहिली तर पाप नाही, असा त्याचा हिशोब. त्र्यंबकरावांनी आरामखुर्ची, जुना कोट आणि जुनी कवळी ठेवली होती. कवळी ग्लासातल्या पाण्यात होती. ती घातली की त्यांच्या ‘स’चा ‘श’ होई, म्हणून नवी करून घेतली होती. शिवाय अनसूयाबाईंनी निघताना दिवा, तांब्याभर पाणी आणि मूठभर मीठ ठेवलं होतं, घर अगदी उघडं टाकून जाऊ नये म्हणून. शास्त्र आणि वकील यांचं एकमत झालेला हा त्यांच्या आयुष्यातला पहिला प्रसंग.

“बाकी काही?” हर्षदनं विचारलं.

मग प्रविणनं घसा साफ केला. गेल्या आठवड्यात तो पेणला रंग आणायला गेला होता. गाळ्यावरून जाताना आतून कोणीतरी शीळ घालत होतं. कामाला हात बसला की तो स्वतः घालतो तीच शीळ, आणि अंतऱ्यावर तो नेहमी चुकतो तशीच चुकलेली.

पुतळीनं पदर खोचला. तिचं दुःख वेगळं होतं. “वडखलची माजी एक गिऱ्हाईक हितं रोह्याला आली,” ती म्हणाली. “बोलते, पुतळीबाय, आयतवारी पेनला तूच दिलंस बोंबील जुन्या भावानी, नि आज हितं लुटतेस का? मी कशाला देईन जुन्या भावानी? जी कोन बसते ती धंदा बुडवते माजा.”

सगळे त्र्यंबकरावांकडे बघू लागले. शिकलेला माणूस म्हणून. त्यांनी गुणाजीचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते घडलं असं मान्य केल्यासारखं झालं असतं. त्यांनी एवढंच म्हटलं की अनेक माणसांना एकाच वेळी भास होऊ शकतो, विशेषतः नको तिथे राहावं लागलं तर.

हर्षद मात्र भासाच्या भानगडीत पडला नाही. ऐकू आलेलं काही पुरावा होत नाही, तो म्हणाला. पण पंचनाम्याला येणाऱ्या मॅडमच्या समोर आत हालचाल दिसली तर हैबतराव उड्या मारतील. “तेव्हा आत कोणीही असो,” वकील शांतपणे म्हणाला, “त्यांना तेवढा अर्धा दिवस गप्प बसायला सांगा.”

४

पंचनाम्याला आलेल्या अधिकारी समीक्षा मॅडम वयानं उर्वीएवढ्या, उन्हाची टोपी घातलेल्या आणि घाईत असलेल्या होत्या. रस्त्याच्या तोंडाशी पोकलेन येऊन उभाच होता. जी जागा रिकामी होईल ती आजच पाडायची, असा बेत होता. हैबतराव पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात आले होते आणि सगळ्यांची आपुलकीनं चौकशी करत होते. त्र्यंबकरावांना त्यांनी विचारलं, बाई कशा आहेत. मग डोळा बारीक करून म्हणाले, परवाच गॅलरीत दिसल्या.

आधी पुतळीचा गाळा. ती चावी घेऊन पुढे झाली आणि थबकली. बंद शटरच्या आतून तराजूचं पारडं दगडावर आपटल्याचा आवाज आला. पाठोपाठ बाईमाणसाचा, घोगरा, घासाघीस करणारा आवाज. घे गो, सस्ता लावलाय, सांच्याला ऱ्हायचा नाय.

आवाज पुतळीचा होता. पुतळी बाहेर, चावी हातात धरून उभी होती.

“ऐका मॅडम,” हैबतराव खुलून म्हणाले. “आत धंदा चालू आहे.”

समीक्षा मॅडमनी टोपी सरळ केली. “माझ्याकडे आवाजाचा रकाना नाही,” त्या म्हणाल्या. “मी दिसेल ते लिहिते. शटर उघडा.” पण त्यांनी एक पाऊल मागे घेतलेलं त्र्यंबकरावांना कळलं. मास्तरकी केलेल्या माणसाला ते कळतं.

पुतळीनं शटरला तोंड लावलं. आधी ती आतल्या बाईला मनसोक्त बोलली. त्यातलं निम्मं त्र्यंबकरावांना समजलं नाही आणि उरलेलं समजल्याचं त्यांनी दाखवलं नाही. जुन्या भावाचा विषय त्यात अनेकदा आला. मग तिचा आवाज खाली आला.

“ऊठ गो बाय,” ती म्हणाली. “लय बसलीस. पाय आखरलं असतील तुजं. हितं आता काय नाय ऱ्हायलं. चल, रोह्याला पन बाजार भरतो.”

आत शांतता झाली. शटर वर गेलं. गाळा रिकामा. मधोमध तराजू लोंबकळत होता, त्याचं एक पारडं अजून हलत होतं. पुतळीनं तो उचलून छातीशी धरला आणि कोणाकडे न बघता बाहेर आली. मॅडमनी लिहिलं, रिकामा.

प्रविणच्या गाळ्यात शीळ नव्हती. कोपऱ्यात गणपती होता आणि त्यानं सगळ्यांकडे बघितलं. डोळ्यांची आखणी झालेली होती. काळा रंग ओला होता.

“हे मी नाय केलेलं,” प्रविण म्हणाला. मग जवळ जाऊन वाकला. “पण काम माझंच हाय. डावा डोळा किंचित आत घेतलाय, ती माझी खोड.”

हैबतरावांनी आक्षेप घेतला. मॅडमनी विचार करून विचारलं की मूर्तीला भाडेकरू म्हणायची कायद्यात काही सोय आहे का. हर्षदनं नाही म्हटलं. दुसरा गाळाही रिकामा ठरला. प्रविण मूर्ती डोक्यावर घेऊन बाहेर पडला. आता डोळे उघडल्यावर तिला मागे ठेवण्याची सोय उरली नव्हती.

राहिली माडी.

५

माडीच्या जिन्यावर इंजिनियरनं लाल फुली मारली होती. सरकारी माणसांना चढायला मनाई. समीक्षा मॅडमनी मार्ग काढला. त्र्यंबकरावांनी एकट्यानं वर जायचं, कुलूप काढून आत जायचं आणि रस्त्याकडची खिडकी उघडायची. खिडकी उघडली की खालून खोली दिसते. आत कोणी नाही असं त्यांनी खिडकीतून सांगायचं, की झालं.

“तुम्ही तर या विषयातले डॉक्टर आहात म्हणे,” मॅडम म्हणाल्या. कोणी सांगितलं कोण जाणे, पुतळीनंच असणार.

त्र्यंबकराव जिना चढले. दाराशी पोचले. कुलूप जागच्या जागी होतं. सवयीनं त्यांनी ते ओढलं आणि हात तसाच राहिला.

आत कोणीतरी खोकलं. खोकून झाल्यावर घशात एक बारीकशी चौकशी केल्यासारखा आवाज काढला, खोकला खरंच संपला ना याची. असा खोकला त्यांनी आजवर फक्त स्वतःच्या आतून ऐकला होता. बाहेरून तो फारच केविलवाणा वाटत होता.

मग बशीवर कप ठेवल्याचा आवाज. आणि अनसूयाबाई म्हणाल्या, “अहो, जिन्यात कोणीतरी आहे.”

त्र्यंबकरावांनी दाराच्या चौकटीला हात टेकला. भास हा पुष्कळदा इच्छेतून होतो. आपल्याला ती हवी आहे, म्हणून ती ऐकू येते, सरळ आहे. ती नागोठण्याला आहे. हे तपासून बघता येण्यासारखं आहे. त्यांनी खिशातून फोन काढला आणि आज्ञा मोडून उर्वीला लावला. आईला जरा दे, म्हणाले.

“आईला?” उर्वी म्हणाली. “बाबा, असं काय करता? आई तुमच्याकडेच आहे ना?”

त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“रविवारी तुम्हीच नाही का आलात न्यायला? एवढ्या उन्हात तो जुना कोट घालून. पाणीसुद्धा घेतलं नाहीत. जागा झाली म्हणालात, दार आहे, कमोड आहे. आई पाच मिनिटांत तयार झाली, मी कधी तिला इतकी...” उर्वी थांबली. “बाबा, आई बरी आहे ना?”

आत अनसूयाबाई साखर कमी पडल्याचं सांगत होत्या.

“बरी आहे,” त्र्यंबकराव म्हणाले. “आवाज येतोय तिचा.” आणि त्यांनी फोन ठेवला.

रविवारी आपण कुठे होतो? रोह्याला. दुपारी जेवून झोपलो. बराच वेळ झोपलो. झोपलेल्या माणसानं आपण झोपलो होतो याची साक्ष कशी द्यावी? उर्वीचे डोळे चांगले आहेत. ती बापाला ओळखते. मग आपण गेलो असू आणि विसरलो असू? असू शकेल. पण तसं असेल, तर आपण तिला इथे आणून सोडली, आणि मग आपण कोण म्हणून बाहेर उभे आहोत?

खाली पोकलेनवाल्यानं इंजिन चालू करून बघितलं. माडीची जमीन बारीक थरथरली.

त्या थरथरीनं त्र्यंबकरावांचे सगळे तर्क एकदम खाली बसले. ती आत होती. जिवंत होती, साखर मागत होती. त्यांनी चावी फिरवली, कुलूप काढलं आणि दार ढकललं. दार वीतभर उघडलं आणि आतल्या साखळीनं अडलं.

फटीतून त्यांना दिवा दिसला. तेवत होता. स्टुलावर ठेवलेला अनसूयाबाईंचा पाय दिसला, गुडघ्याला लोकरी पट्टा बांधलेला, तो पट्टा त्यांनीच आणला होता. मनगटातली हिरवी बांगडी दिसली. दोन कप दिसले, वाफ निघत होती. पाण्याचा ग्लास दिसला. त्यात कवळी नव्हती. आणि आरामखुर्चीतून एक जुना तपकिरी कोट हळूहळू उठत होता, एक हात खुर्चीच्या दांडीवर, एक हात कमरेवर, उठताना आपण स्वतः जसे आवाज काढतो तसेच काढत.

कोट वळायच्या आत काहीतरी करायला हवं होतं. तिला कळायला हवं होतं की इकडचा खरा आहे. सगळ्या जन्मात त्र्यंबकरावांनी बायकोला ‘अगं’ याखेरीज हाक मारली नव्हती. त्यांच्या घराण्यात कोणीच मारत नसे. आता त्यांनी फटीला तोंड लावलं आणि जिवाच्या आकांतानं तिचं नाव घेतलं.

“अनसूया.”

स्टुलावरचा पाय झटकन मागे गेला.

“बाई गं,” आत अनसूयाबाई म्हणाल्या. “अहो, दारात कोणीतरी माझं नाव घेतंय.”

“ओ देऊ नकोश,” आतला आवाज म्हणाला. “नाव घेऊन हाक मारणारा आपल्या घरातला नशतो.”

“तेच म्हणते मी. तुम्ही काही माझं नाव घ्यायचे नाहीत. आणि आवाज बघा ना, तुमच्यासारखा काढलाय मेल्यानं.”

आतून दार लोटलं गेलं. जोरात नाही, म्हाताऱ्या माणसाला जेवढं जमतं तेवढंच. कडी बसली. चपला घासत पावलं दुसऱ्या बाजूला गेली आणि रस्त्याकडच्या खिडकीची लाकडी दारं उघडल्याचा आवाज आला.

“हां, दिसलात सर,” खालून समीक्षा मॅडमचा आवाज आला. “कोट कधी चढवलात? बरं, आत कोणी आहे का?”

“शगळं रिकामं आहे,” खिडकीतून त्र्यंबकरावांचा आवाज म्हणाला. “कोणी नाही.”

“झालं तर मग,” मॅडम म्हणाल्या, आणि खाली पुतळी मोठ्यानं म्हणाली की देव पावला, सर, कमोड आला तुमचा.

६

माणसाला जे हवं असतं ते सगळं त्र्यंबकरावांना त्या क्षणी मिळालं होतं. पंचनामा झाला होता. भरपाई ठरली होती. स्टेशनच्या बाजूची जागा, पांढरा कमोड, स्वतःचं दार. फक्त आता जिना उतरून, सही करून निघून जायचं होतं, आणि पोकलेन मागे जे करील त्याकडे वळून बघायचं नव्हतं.

ते जिन्याच्या तोंडाशी आले आणि कठड्याला धरून ओरडले की थांबा, आत माणसं आहेत.

खाली गडबड झाली. मॅडम जिन्याच्या पायथ्याशी आल्या. वर मान करून म्हणाल्या, “सर, आत्ताच तुम्ही स्वतः सांगितलंत, कोणी नाही.”

“ते मी सांगितलं नाही.”

“मग कोणी सांगितलं?”

हा प्रश्न रास्त होता. त्र्यंबकरावांनी त्यावर प्रामाणिकपणे विचार केला, पण खाली इंजिन चालू असताना विचार होत नाही.

“माझी बायको आत आहे,” ते म्हणाले. “माडी पाडू नका. मी खाली येत नाही.”

हैबतराव हात जोडून, आभाळाकडे बघून देवाचे आभार मानू लागले. हर्षदनं कपाळावर हात मारला आणि वरच्या आवाजात समजावू लागला की सर, हिस्सा जाईल, जागा जाईल, पाडवा आठवा. प्रविण डोक्यावरची मूर्ती सावरत उभा होता. पुतळी तेवढी जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत आली. तराजू अजून तिच्या कवेत होता.

“सर,” ती हळू आवाजात म्हणाली, “रागावून नाय उठत असंल ना, तर मायेनी बोला. मायेनी उठतात.”

“बोललो,” त्र्यंबकराव म्हणाले. “तिनं मला ओळखलं नाही.”

पुतळीनं मान हलवली. मग तराजू सावरत ती पायरी उतरली.

समीक्षा मॅडमनी लिहिलेलं खोडलं. खोडताना त्यांनी एकदा खिडकीकडे बघितलं, एकदा जिन्याकडे, आणि मग टोपी काढून चेहरा पुसला. पोकलेनवाल्याला हातानं खूण केली. इंजिन बंद पडलं. एका माणसानं आत कोणी नाही म्हणायचं आणि त्याच माणसानं आहे म्हणायचं, यावर वरून मार्गदर्शन घ्यावं लागेल, असं त्या हैबतरावांना सांगत होत्या. किती दिवस लागतील ते त्यांना माहीत नव्हतं. एकेक करून माणसं पांगली.

त्र्यंबकराव परत दाराशी गेले. चपला काढून कडेला नीट ठेवल्या आणि उंबऱ्यापाशी जमिनीवर, दाराला पाठ लावून बसले. लाकूड ऊबदार होतं. आतून फोडणीचा वास येत होता. त्यांना आठवलं, सकाळपासून आपण काही खाल्लेलं नाही.

आत बशी खाली ठेवली गेली.

“अहो,” अनसूयाबाई अगदी दबक्या आवाजात म्हणाल्या. “तो गेला नाही. दाराला टेकून बसलाय.”

“बशू दे,” आतला म्हणाला. “तू घाबरू नकोश. तुझा चहा निवतोय.”

इतक्या वर्षांत त्र्यंबकरावांनी बायकोला असं एकदाही म्हटलं नव्हतं. आत ती हसली. बाहेर त्यांनी श्वास रोखून ऐकलं, आणि मग शक्य तितके गप्प बसून राहिले, तिला भीती वाटू नये म्हणून.